स्टेल्थ विमानाला जवळची लढाई झेपते का?

तुम्ही तीन गोष्टी एकत्र विचारल्यात. 2015 मध्ये अमेरिकेच्या एफ-35 या स्टेल्थ, म्हणजे रडारपासून लपणाऱ्या, विमानाला जुन्या एफ-16 ने सराव लढतीत हरवलं आणि 2012 मध्ये अलास्कात जर्मनांच्या युरोफायटरांनी एफ-22 या दुसऱ्या अमेरिकी स्टेल्थ विमानाला पाडल्याचं मोजलं गेलं, हे खरं का? खरं असेल, तर जवळच्या लढाईत मार खाणाऱ्या विमानासाठी आपण ॲम्कावर, म्हणजे आपल्या देशी स्टेल्थ लढाऊ विमानावर, 15,000 कोटी रुपये का घालतोय? आणि तुम्ही एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) तयारी करताय, तर स्क्वाड्रनमध्ये पोचेपर्यंत डॉगफाइट, म्हणजे ही जवळची लढाई, शिकवणं बंद झालेलं असेल का?

आधी माझी मर्यादा सांगतो. मी हवाई दलात पहिल्यांदा मिग-21 उडवलं, नंतर बरीच वर्षं मिग-29, त्यातली सुरुवातीची लोहगावला. स्टेल्थ विमान मी उडवलेलं नाही. त्यामुळे एफ-22 चं दांडकं ओढल्यावर काय वाटतं, ते मला सांगता येणार नाही. पण जवळची लढाई कुठे जिंकली जाते आणि कुठे हातची जाते, हे मी मानेवर, पाठीवर आणि डीब्रीफच्या, म्हणजे उड्डाणानंतर चुका तपासण्याच्या, खोलीत अनेक वर्षं सोसलंय. त्या जोरावर लिहितो.

तुमच्या प्रश्नात एक चित्र गृहीत धरलंय. दोन विमानं समोरासमोर येतात, एकमेकांना ओलांडतात, आणि मग कोण चांगलं वळतं यावर निकाल लागतो. आखाड्यात दोन पैलवानांनी सलामी देऊन कुस्ती सुरू करावी तसं. सराव लढती खरंच अशाच सुरू करतात, कारण वैमानिकाला वळण, वेग आणि उंची यांचा हिशेब शिकवायचा असतो. प्रत्यक्ष हवाई युद्धात पडलेल्या वैमानिकांपैकी पुष्कळांनी मारणाऱ्याला पाहिलेलंच नसतं. म्हणून माझ्या मते तुमचा खरा प्रश्न असा आहे: लढाई जवळ आली, तेव्हा ती कोणत्या स्थितीतून सुरू झाली, आणि ती स्थिती ठरवण्यात स्टेल्थचा वाटा किती?

माझ्यावर बेतलेला एक प्रसंग सांगतो. नव्वदच्या दशकातला सराव होता, दोन मिग-29 विरुद्ध दोन मिग-21. कागदावर आमचं पारडं सगळ्याच बाबतींत जड होतं: दोन इंजिनं, चांगलं रडार, हेल्मेटमधून नेम धरता येणारी आर-73 क्षेपणास्त्रं. समोरून येणाऱ्या दोघांपैकी एक मला दिसला. मी त्याच्यावर डोळा ठेवून वळलो आणि तीस-चाळीस सेकंदांत त्याच्या मागे पोचलो. डीब्रीफमध्ये दुसऱ्या मिग-21 च्या गन कॅमेऱ्याची फिल्म लावली, तेव्हा चौकटीच्या मधोमध माझं विमान होतं. त्याने मला लांबूनच पाहिलं होतं, कारण त्या काळच्या मिग-29 ची इंजिनं धूर सोडत आणि ती काळी रेघ मैलोगणती दिसे. मिग-21 मात्र नाकासमोरून पाहिलं तर आकाशात एक ठिपका. पंखांचा विस्तार जेमतेम सात मीटर. मी उत्तम वळत होतो. पण ज्याला मी पाहिलंच नाही, त्याच्यासमोर वळत होतो.

आपल्या हवाई दलाला हा धडा फार जुना आहे. 1965 च्या युद्धात आपल्या छोट्या नॅटने पाकिस्तानच्या सेबरला जे हैराण केलं, त्यात नॅटच्या चपळाईचा वाटा होताच, पण सुमारे नऊ मीटर लांबीचं ते विमान सेबरच्या वैमानिकाला वेळेवर दिसतच नसे, हाही मोठा भाग होता. 3 सप्टेंबर 1965 ला ट्रेव्हर कीलर यांना पहिल्या सेबरचं श्रेय मिळालं ते याच विमानावर. त्या काळी शत्रूचा शोध डोळ्याने लागायचा, म्हणून डोळ्याला न दिसणं हेच त्या काळचं स्टेल्थ होतं. आता पहिला शोध रडार घेतं, म्हणून आजचं स्टेल्थ रडारपासून लपण्याचं आहे. काम तेच. समोरच्याने हालचाल करायच्या आत तुम्ही त्याच्या मानगुटीवर असायला हवं.

आता रडारचा हिशेब, कारण सगळा घोळ इथे होतो. रडारची लहर जाते आणि परतही यावी लागते, म्हणून शोधाचं अंतर आरसीएसच्या चौथ्या मुळाप्रमाणे बदलतं. आरसीएस म्हणजे रडारला विमान किती मोठं दिसतं त्याचं माप. ते दहा हजारपट कमी केलं, तरी विमान सापडण्याचं अंतर फक्त दहापट घटतं. जे रडार साध्या लढाऊ विमानाला 100 किलोमीटरवर पकडतं, ते अशा विमानाला 10 किलोमीटरवर पकडेल. लांबच्या लढाईत हा फरक जीवघेणा आहे, कारण तुम्ही त्याला ऐंशी किलोमीटरवरून पाहताय आणि त्याच्या पडद्यावर काहीच नाही. पण 10 किलोमीटर हे चांगल्या हवेत डोळ्यालाही जमण्यासारखं अंतर आहे. दोन विमानं ताशी 900 किलोमीटरने समोरासमोर येत असतील, तर दर सेकंदाला 500 मीटर अंतर कमी होतं. 10 किलोमीटर म्हणजे फक्त 20 सेकंद. तिथून पुढे रडारपासून लपण्याची किंमत झपाट्याने उतरते. ती शून्य होत नाही. समोरच्याच्या रडार-क्षेपणास्त्राच्या नाकातलं रडार फार छोटं असतं आणि स्टेल्थ विमानावर त्याची पकड जवळूनही डळमळीत राहू शकते. पण उष्णता शोधणाऱ्या क्षेपणास्त्राला तुमच्या आकाराशी देणंघेणं नाही. त्याला गरम नळकांडं हवं, आणि आफ्टरबर्नर (जादा इंधन जाळून इंजिनाचा जोर वाढवणारी सोय) लावून वळणारं विमान ते आयतं पुढे करतं. शिवाय स्टेल्थची घडण मुख्यतः समोरून पाहणाऱ्या रडारसाठी केलेली असते. गोल गोल वळताना तुम्ही पोट, पाठ, शेपूट सगळंच दाखवता.

आणि डोळ्यासाठी ही विमानं लहान नाहीत. एफ-22 जवळजवळ 19 मीटर लांब, पंखांचा विस्तार साडेतेरा मीटर. नॅटची दुप्पट. एकदा जवळ आलं की ते लपत नाही.

त्या दोन बातम्यांकडे वळतो. जानेवारी 2015 च्या चाचणीत एफ-35 चा वैमानिक एफ-16 समोर वेगाच्या बाबतीत सतत मागे पडत होता, आणि त्याने तसं अहवालात स्वच्छ लिहिलं. तो अहवाल त्याच वर्षी बाहेर फुटला. समोरचं एफ-16 दोन आसनी होतं आणि त्याला बाहेरच्या दोन इंधन टाक्या लावलेल्या होत्या, म्हणजे ते काही हलकं करून आणलेलं नव्हतं. त्यामुळे ही बातमी खोटी म्हणून उडवून लावणाऱ्यांशी मी सहमत नाही. मात्र त्या चाचणीचा हेतू स्पर्धेचा नव्हता. नाक खूप वर उचललेल्या अवस्थेत विमानाचं नियंत्रण करणारं सॉफ्टवेअर कसं वागतं, ते तपासायचं होतं. विमान सुरुवातीच्या चाचणी विमानांपैकी होतं आणि लढाईत एफ-35 ज्या संवेदकांवर जगतं ते त्यावर नव्हते. पुढे सॉफ्टवेअरच्या मर्यादा सैल केल्या गेल्या, आणि 2016 मध्ये नॉर्वेच्या एका एफ-35 वैमानिकाने जाहीरपणे लिहिलं की हे विमान नाक झटकन वळवून वेग झपाट्याने कमी करू शकतं आणि त्याचा उपयोग समोरच्याला पुढे काढून देण्यासाठी होतो. मला स्वतःला त्या 2015 च्या अहवालात सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. हेल्मेट इतकं मोठं होतं की वैमानिकाला कॉकपिटमध्ये मान वळवून मागे नीट पाहता येत नव्हतं. वळण्यातल्या कमतरतेवर युक्तीने मात करता येते. मागे न दिसणं जास्त महागात पडतं, हे मी त्या फिल्मवर शिकलो.

2012 च्या अलास्कातल्या सरावाची गोष्ट अशी की लढती मुद्दाम जवळून, एकास एक सुरू केल्या होत्या. युरोफायटर टाक्या काढून हलके होऊन आले होते. त्या अंतरावर त्यांनी एफ-22 ला चांगली टक्कर दिली, काही लढती जिंकल्या. लांबच्या लढाईत एफ-22 ला तोड नाही, हे जर्मन वैमानिकांनीही मान्य केलं, पण ते वाक्य मथळ्यांत फारसं आलं नाही. 2009 मध्ये अमिरातीत फ्रेंच राफालने एफ-22 वर नेम धरल्याचं चित्रीकरण दाखवलं गेलं, तेही अशाच जवळच्या लढतीतलं. या सगळ्याचा अर्थ मी असा लावतो: बरोबरीच्या स्थितीतून आणि नजरेच्या अंतरात सुरुवात केली, तर स्टेल्थ विमान हे फक्त एक विमान असतं. त्याचे जोर आणि वजन, पंख आणि वैमानिक यांवरच निकाल लागतो.

आता वळण्याची गोष्ट, कारण "स्टेल्थ विमान जड म्हणून वळत नाही" असं तुम्ही लिहिलंय. वळणाचं गणित वजनाला विचारत नाही, वेग आणि जी (गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर) विचारतं. सेकंदाला 200 मीटर वेगाने, म्हणजे ताशी 720 किलोमीटरने, 9 जी ओढलं तर वळणाची त्रिज्या साधारण 455 मीटर येते आणि विमान सेकंदाला 25 अंश फिरतं. त्याच वेगाने 7 जी ओढलं तर त्रिज्या सुमारे 590 मीटर आणि फिरणं साडेएकोणीस अंश. फरक सेकंदाला साडेपाच अंशांचा. दहा सेकंद सलग टिकला तर 55 अंश, आणि तेवढ्यात कुणाचं नाक कुणाकडे येईल ते ठरतं. एफ-35 च्या हवाई दलाच्या आवृत्तीची मर्यादा 9 जी आहे, उभं उतरणाऱ्या बी आवृत्तीची 7, नौदलाच्या सी आवृत्तीची साडेसात. तेव्हा "एफ-35 कसं वळतं" याला आधी "कुठलं एफ-35" असं विचारावं लागतं.

पण 9 जी ओढणं वेगळं आणि टिकवणं वेगळं. ओढलं की विमानाचा वेग उतरतो, आणि तो भरून काढायला इंजिनाचा जोर लागतो किंवा उंची विकावी लागते. इथेच वजन मध्ये येतं. आम्ही याला सरळ एनर्जी म्हणायचो. नवशिका वैमानिक पहिल्याच वळणात सगळी एनर्जी उधळतो आणि तिसऱ्या वळणात हवेत लटकत राहतो. एफ-22 मध्ये 35,000 पाउंड वर्गाची दोन इंजिनं आहेत आणि त्यांची मागची, झोत सोडणारी तोंडं वर-खाली 20 अंश वळतात. त्यामुळे त्याला एनर्जी परत मिळवणंही जमतं आणि कमी वेगात नाक फिरवणंही. ही चपळाई अपघाताने आलेली नाही. 1991 मध्ये अमेरिकेने वायएफ-22 (एफ-22 चा नमुना) आणि वायएफ-23 यांतून निवड केली, तेव्हा वायएफ-23 जास्त लपणारं आणि वेगवान मानलं जात होतं. निवडलं गेलं वायएफ-22, ज्याच्याकडे वळणारी तोंडं होती. स्टेल्थवर इतका पैसा घालणाऱ्यांनीही जवळच्या लढाईवर पाणी सोडलं नव्हतं.

वळणाऱ्या तोंडांबद्दल मात्र सावध राहा. एअर शोमध्ये सुखोई-30 एमकेआय नाक आकाशाकडे करून थबकतं तेव्हा टाळ्या पडतात, आणि लोहगावला 2002 मध्ये ही विमानं आली तेव्हा आम्हीही भान हरपून पाहत राहिलो. पण लढाईत तसं केलंत की वेग जवळजवळ संपतो. समोर एकच शत्रू असेल आणि त्या एका झटक्यात तो मेला, तर ठीक. दुसरा असेल तर तुम्ही त्याच्यासाठी हवेत टांगलेलं लक्ष्य आहात. शेवटचा उपाय म्हणून ते जवळ असावं, सवय म्हणून नाही.

मिग-29 वरच्या माझ्या वर्षांत मला सगळ्यात जास्त शिकवलं ते हेल्मेटने. हे जरा सविस्तर सांगतो, कारण स्टेल्थच्या चर्चेत ते हमखास निसटतं. आमच्या हेल्मेटला डोळ्यासमोर एक छोटी काच होती. मान वळवून त्यातलं वर्तुळ शत्रूवर आणलं की आर-73 चं डोकं तिकडे वळायचं, कानात सूर बदलायचा आणि आपलं नाक शत्रूकडे नसतानाही क्षेपणास्त्र सोडता यायचं. 1987 मध्ये ही विमानं पुण्याला आली तेव्हा पाश्चात्त्य देशांना याची पुरती कल्पना नव्हती. 1990 मध्ये जर्मनीचं एकीकरण झालं, पूर्व जर्मनीची 24 मिग-29 नाटोच्या हाती लागली, आणि त्यांच्याशी सराव केल्यावर अमेरिकी वैमानिकांना जवळच्या लढाईत काय वाढून ठेवलंय ते कळलं. एआयएम-9एक्स आणि आयरिस-टी ही जवळच्या लढाईची क्षेपणास्त्रं पुढे आली, त्यामागे हा धसका होता.

यामुळे डॉगफाइटचं गणितच बदललं. पूर्वी नाक आधी कोण फिरवतो, यावर निकाल लागायचा. आता मान आधी कोण फिरवतो, यावर लागू शकतो. आणि दोघांकडे असं हेल्मेट आणि असं क्षेपणास्त्र असलं, तर दोघंही मरण्याची शक्यता भयंकर वाढते. सरावात आम्ही पुष्कळदा पाहिलं की दोन्ही बाजूंचं "फायर" दोन-तीन सेकंदांच्या फरकाने यायचं. पहिल्याचं क्षेपणास्त्र पोचायच्या आत दुसऱ्याचं सुटलेलं असायचं. महागड्या स्टेल्थ विमानाच्या वैमानिकाने अशा सौद्यात पडू नये, ही माझी ठाम समजूत आहे.

स्टेल्थ विमानांची गोची इथे आणखी वाढते. क्षेपणास्त्र पोटात ठेवायचं, तर त्याचं डोकं बाहेर पाहू शकत नाही. एफ-22 ला बाजूच्या कप्प्याचं दार उघडून ते बाहेर काढावं लागतं. चिनी जे-20 मध्ये छोटं क्षेपणास्त्र बाहेर आल्यावर दार त्याच्यामागे पुन्हा बंद होतं, म्हणजे ते तयार ठेवूनही विमान लपलेलं राहतं. हा विचार मला हुशारीचा वाटतो. एफ-35 च्या पोटात एआयएम-9एक्स मावतच नाही, ते पंखाखाली बाहेर लटकवावं लागतं आणि लपण्यात थोडी खोट येते. पूर्ण लपलेल्या एफ-35 कडे जवळच्या लढाईसाठी उरतात लांबच्या पल्ल्याची चार एआयएम-120 क्षेपणास्त्रं आणि ए आवृत्ती असेल तर तोफेच्या 180 च्या आसपास गोळ्या. दुसरीकडे, एफ-35 च्या अंगावर सहा उष्णता-कॅमेरे आहेत आणि त्यांचं चित्र हेल्मेटच्या पडद्यावर येतं, म्हणजे वैमानिक आपल्याच पायाखालून पाहू शकतो. एफ-22 ला मात्र सेवेत आल्यावर कित्येक वर्षं नेम धरणारं हेल्मेट नव्हतंच. वळण्यात सगळ्यात पुढे असलेलं विमान मान वळवून नेम धरण्यात 1987 च्या मिग-29 च्या मागे होतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: स्टेल्थ जवळच्या लढाईच्या सुरुवातीवर मोठा परिणाम करतं, मध्यावर थोडा. मध्यावर हेल्मेट, क्षेपणास्त्र, एनर्जी आणि सोबती किती, यांची चलती.

सुरुवातीवरचा परिणाम म्हणजे काय, याचं मला पटलेलं उदाहरण 2013 चं आहे. आखातात अमेरिकेच्या एका ड्रोनकडे इराणचं एफ-4 फँटम निघालं होतं. एफ-22 चा वैमानिक त्याच्या खालून गेला, पोटाखाली कुठली शस्त्रं आहेत ते पाहून घेतलं, मग शेजारी येऊन रेडिओवर त्याला घरी जायला सांगितलं. अमेरिकी हवाई दलप्रमुखांनी ही हकिगत नंतर जाहीरपणे सांगितली. इतक्या जवळ येईपर्यंत फँटमला पत्ताच नव्हता. हे अंतर डॉगफाइटपेक्षाही जवळचं. पण लढाई झाली असती, तर ती कुस्ती ठरली नसती. एकाची पाठ आधीच टेकलेली होती.

मग स्टेल्थ विमानाने जवळ जावंच कशाला, लांबूनच का मारू नये? युद्धात बहुतेक वेळा तसंच करतील. मे 2025 मध्ये आपल्या सीमेवर जे झालं, त्याबद्दल दोन्ही देशांचे दावे वेगळे आहेत, पण लढाई नजरेपलीकडून झाली, यावर फारसं दुमत नाही. तरीही दोन गोष्टी माणसाला जवळ ओढतात. एक म्हणजे नियम. 18 जून 2017 ला सीरियात अमेरिकी नौदलाच्या सुपर हॉर्नेटने सुखोई-22 पाडलं. युद्ध जाहीर नव्हतं, म्हणून आधी जवळ जाऊन इशारे द्यावे लागले. मग एआयएम-9एक्स सोडलं, ते चुकलं. त्यानंतर लांबच्या पल्ल्याचं म्हणून बनवलेलं एआयएम-120 सोडून ते पाडावं लागलं. दुसरी गोष्ट म्हणजे संख्या. पोटात चार-सहा क्षेपणास्त्रं असतात, आणि समोर दहा विमानं असली की उरलेली चार-सहा तुमच्या दिशेने येत राहतात.

व्हिएतनामचा धडाही विसरू नका. तिथे सुरुवातीच्या फँटममध्ये तोफ नव्हती, कारण पुढची सगळी लढाई क्षेपणास्त्रांची, असं ठरवून टाकलं होतं. प्रत्यक्षात ओळख पटवायला जवळ जावं लागलं, क्षेपणास्त्रं चुकत राहिली, आणि 1969 मध्ये अमेरिकी नौदलाला जवळची लढाई पुन्हा शिकवण्यासाठी वेगळी शाळा काढावी लागली. आजची क्षेपणास्त्रं त्या काळच्यांपेक्षा कितीतरी चांगली आहेत, म्हणून तोच इतिहास जसाच्या तसा घडेल असं मी म्हणणार नाही. पण तोफ, हेल्मेट आणि जवळचं क्षेपणास्त्र यांतलं काही "आता लागणार नाही" म्हणून काढून टाकायला कुणी निघालं, तर मी विरोधच करेन.

ॲम्काचं उत्तर आता सोपं आहे. मार्च 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीने विकासाला मंजुरी दिली, ते विमान सुमारे 25 टनांचं, दोन इंजिनांचं आणि पोटात शस्त्रं नेणारं आहे. चीनची जे-20 सेवेत आहेत, आणि ज्याच्या रडारवर आपण 100 किलोमीटरवर दिसतो आणि जो आपल्याला दिसत नाही, त्याच्याशी सुखोई कितीही सुंदर वळली तरी उपयोग नाही, कारण वळण्याची वेळच येणार नाही. म्हणून ॲम्का हवंच. माझी काळजी दुसऱ्या बाजूची आहे. जवळचं क्षेपणास्त्र पोटातून किती सेकंदांत बाहेर येतं, सुटल्यानंतर लक्ष्य पकडू शकतं का, हेल्मेट किती हलकं आहे, आणि वैमानिकाला वर्षाला किती तास उडायला मिळतं, हे प्रश्न आरसीएसच्या आकड्याइतक्याच पोटतिडकीने विचारायला हवेत. फेब्रुवारी 2025 मध्ये बंगळुरूच्या एअर शोला एफ-35 आणि सुखोई-57 दोन्ही आली होती, आणि सगळी चर्चा कोण जास्त लपतं यावरच राहिली. त्याचं मला वाईट वाटलं.

राहिला तुमचा स्वतःचा प्रश्न. डॉगफाइट तुम्हाला शिकवतील, स्टेल्थ विमान आलं तरी शिकवतील. एफ-22 आणि एफ-35 च्या स्क्वाड्रनही एकास एक लढतींचा सराव करतातच. 9 जी मध्ये हेल्मेटसह सात किलोचं डोकं साठ किलोंच्या वर जातं, आणि त्या अवस्थेत मान मागे वळवून शत्रू शोधायचा, इंधन वाचायचं, सोबत्याशी बोलायचं आणि पुढचं वळण ठरवायचं, हे करून दाखवणारा दुसरा सराव अजून सापडलेला नाही. आमच्या मिग-29 मध्ये जेमतेम साडेतीन टन इंधन असायचं आणि आफ्टरबर्नरमध्ये ते डोळ्यांदेखत उतरायचं. एफ-35ए मध्ये आठ टनांच्या वर असतं, तरी हिशेबाची सवय तीच लागते.

तेव्हा गणित आणि भौतिकशास्त्र पक्कं करा, आणि मानेचे व्यायाम आत्तापासून सुरू करा. वजनं उचलण्याची घाई नको. हाताच्या तळव्याने डोक्याला चारी बाजूंनी विरोध द्यायचा, रोज दहा मिनिटं. पहिल्या काही सॉर्टींनंतर (उड्डाणांनंतर) मान अवघडून तीन-तीन दिवस मागे न पाहू शकणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि त्या अवस्थेत पुन्हा उडायला गेलेला मुलगा मागून येणाऱ्याला शेवटीच पाहतो.